परदेशात जायचं म्हणतोय, पण घरात प्रत्येकाचं कारण वेगळं आहे

वाघबीळची_ताई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळच्या पुढे राहतो. मी बीएससी नर्सिंग, ठाण्यातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स, वय ३८. मिस्टर ४२, मेकॅनिकल, महापे एमआयडीसीत प्रॉडक्शनला. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. सासूसासरे कळव्याला खारीगावात स्वतःच्या घरात, दोघंही सत्तरीचे, सासऱ्यांना शुगर आहे आणि गुडघे गेलेत.

वर्षभर घरात एकच विषय चाललाय, बाहेर जायचं का. कॅनडा की ऑस्ट्रेलिया की जर्मनी हे नंतरचं, आधी जायचं का तेच ठरत नाहीये कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि बोलायला बसलं की सगळं एकमेकांत मिसळतं.

मिस्टरांचं कारण प्रवास. महापेहून निघाले की ठाणे-बेलापूर रोड, मग विटावा, कळवा नाका, मग माजिवडा, कापूरबावडी आणि मग आमचा घोडबंदर. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की संपलंच सगळं. घरी येतात तेव्हा मुलगा झोपलेला असतो. मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा हा पाळण्यात होता, आता तिसरीत गेला. त्यात सोसायटीत उन्हाळ्यात टँकर, मेंटेनन्स वेगळा, फ्लॅटचा हप्ता अजून बरीच वर्षं आहे. ते म्हणतात एवढे कष्ट करायचेच आहेत तर जिथे संध्याकाळी घरी जाता येतं तिथे करू.

माझं कारण वेगळं आहे. मुलीला दम्याचा त्रास आहे, रस्त्याची कामं, बांधकामं, सगळीकडे धूळ, दिवाळीनंतर तर तिच्या दप्तरात कंपासपेटीच्या बाजूला इनहेलर असतोच, बाईंना सुद्धा सांगून ठेवलंय कुठल्या कप्प्यात आहे ते. आणि दुसरं माझं काम. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक नर्स हवी असं आम्ही शिकलो. प्रत्यक्षात नाईटला माझ्याकडे दोन असतात, कधी तीन. एकाचं सक्शन करताना दुसऱ्याचा मॉनिटर वाजतो तेव्हा जिवाचं पाणी होतं. मला माझं काम आवडतं हो, पण ते नीट करायला मिळावं एवढंच वाटतं. पगाराचं तर बोलायलाच नको.

मुलगी नाही म्हणते. तिला डॉक्टर व्हायचंय, इथेच शिकायचंय. सासरे म्हणतात आमची काळजी करू नका, खुशाल जा. सासूबाईंनी एकच विचारलं, रात्री-अपरात्री ह्यांना काही झालं तर मी फोन कुणाला करू. त्याचं उत्तर आमच्याकडे नाहीये.

स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो, तो म्हणाला चार लाख द्या, कॅनडा पीआरची, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याची गॅरंटी, मिस्टरांच्या नावाने फाईल टाकू. मन मानत नाहीये. कुणी अशा वळणावरून गेलं असेल तर स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

जुनी_चरई

ताई, मी मूळची ठाण्यातल्या चरईची, आता कॅनडात मिसिसागाला असते. सगळ्यात आधी, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. पीआरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, पॉइंट्सवर रँक लागतो आणि कटऑफ दर ड्रॉला, म्हणजे निवडीच्या फेरीला, बदलतो. एक्सप्रेस एन्ट्री म्हणजे पीआरसाठीची ऑनलाईन अर्जाची पद्धत, तिचं प्रोफाईल स्वतःचं स्वतः भरता येतं, फुकट. कुणाची मदत घ्यायचीच असेल तर कॅनडाचा लायसन्स असलेला कन्सल्टंट घ्या, लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या (तिकडे तिला कॉलेज म्हणतात) साईटवर पब्लिक रजिस्टर आहे, तिथे नाव दिसलं नाही तर उठून या.

दुसरं, मिस्टरांच्या नावाने फाईल का? मेन अ‍ॅप्लिकंट तुम्ही असायला हव्यात. नवराबायको मिळून अर्ज केला तर वयाचे जास्तीत जास्त १०० पॉइंट्स, तेही २० ते २९ वयाला. ३८ ला ५५ मिळतात, ४२ ला फक्त २५, आणि ४५ पूर्ण झाली की शून्य. शिवाय २०२३ पासून हेल्थकेअरवाल्यांचे वेगळे ड्रॉ निघतात, त्यात नर्स येते. म्हणजे तुमच्या घरात सगळ्यात जमेची बाजू तुम्ही आहात आणि तो माणूस तुम्हाला डिपेंडंट म्हणून टाकत होता, हे वाचूनच डोकं फिरलं माझं. पण दर वाढदिवसाला पॉइंट्स कमी होतात, चाळिशीनंतर तर दर वर्षी दहा, त्यामुळे जायचं असेल तर विचार करायला खूप वेळ नाही.

आता न आवडणारं. इथे पीआर मिळाला म्हणजे नर्स म्हणून उभं राहता येतं असं नाही. ज्या प्रांतात जाल तिथलं रजिस्ट्रेशन, त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा, ती भारतात बसूनही देता येते. ती देऊनच या असं मी म्हणेन. इथे येऊन देऊ म्हणणाऱ्या कितीतरी मुली वर्षानुवर्षं केअर होममध्ये हेल्परचं काम करतायत, घरभाड्यातून वेळच मिळत नाही अभ्यासाला. मिस्टरांचंही तेच, इथे लायसन्सशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवता येत नाही आणि पहिला जॉब बहुतेक खालच्या पायरीवरचा असतो. २०२५ च्या मार्चपासून जॉब ऑफरचे पॉइंट्सही काढून टाकलेत. चार माणसांना खात्यात अठ्ठावीस हजार कॅनेडियन डॉलरच्या वर दाखवावे लागतात आणि खरं सांगते, ते पैसे नुसते दाखवायला नसतात, ते संपतात. फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, बाहेरची औषधं बहुतेक स्वतःच्या खिशातून नाहीतर ऑफिसच्या इन्शुरन्समधून.

माझा नवरा पहिल्या हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडला की नुसता खिडकीशी बसायचा, आम्हाला वाटलं दमलाय, पण ते वेगळंच होतं, त्याला आपली माणसं नव्हती बोलायला. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखी झाल्या तेव्हा जरा सावरला. आम्ही राहिलो, आता बरं चाललंय, मुलं खूश आहेत. पण मिस्टर फक्त ट्रॅफिकला कंटाळून निघत असतील तर त्यांना सांगा, इथला ४०१ हायवे पण संध्याकाळी तुंबतोच.

घणसोली_लोकल

दादांचा प्रॉब्लेम महापे ते वाघबीळ आहे ना, मग घणसोली नाहीतर कोपरखैरणेला भाड्याने या आणि वाघबीळचा फ्लॅट भाड्याने द्या. महापे रिक्षाने जाता येतं, खारीगावला जायला ऐरोली-कळवा जवळ. देश बदलायच्या आधी पिनकोड बदलून बघा, मनापासून सांगतोय. आम्ही डोंबिवलीहून आलो तेव्हा माझं बीपी खाली आलं.

पामबीच_काका

ताई, मी नेरुळला राहतो, वय ७१. मुलगा मेलबर्नला आहे, एकुलता एक. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

सासरे म्हणतात खुशाल जा, ते खरंच मनापासून म्हणत असतील, मी पण म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. मुलगा तिथे चांगला आहे, नातीला बघून बरं वाटतं. पण मी काय तयारी केली ते सांगतो, कारण मुलांना वाटतं व्हिडिओ कॉल केला की झालं.

आमच्या खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे घराची किल्ली आहे, आमच्या दोघांच्या गोळ्यांची यादी आहे आणि मुलाचा नंबर आहे. हे नातेवाईक नाहीत. नातेवाईक पुण्याला आहेत, रात्री दोन वाजता त्यांचा उपयोग नाही. मागच्या पावसाळ्यात हिची शुगर एकदम खाली गेली तेव्हा त्या घरातला मुलगा चप्पल न घालता वर आला, साखरपाणी त्याने दिलं, मुलाला आम्ही सकाळी कळवलं. खारीगावात असं घर कुठलं आहे ते आधी शोधा, त्यांच्याशी मोकळेपणी बोला, कुणावर न सांगता भार टाकू नका. मेडिक्लेम सासऱ्यांचा आहे का बघा, नसेल तर या वयात शुगरसकट मिळणं अवघड आणि महाग. खाती जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला व्यवहार करता येतो. आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली म्हणजे सगळं झालं असं समजू नका, ती माणूस हयात असेपर्यंतच चालते, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. ह्या गोष्टी बोलायला जीभ रेटत नाही पण सासऱ्यांशी मिस्टरांनीच बोलायला हवं, तुम्ही नाही.

नंतर आईवडिलांना घेऊन जाऊ असं मनात असेल तर आत्ताच नीट बघा. ऑस्ट्रेलियात पैसे भरून मिळणारा पेरेंट व्हिसा माणशी जवळजवळ ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, वर रांग दहा वर्षांच्याही पुढची, आणि साधारणपणे किमान निम्मी मुलं तिथे स्थायिक असावी लागतात. आमचा एकच मुलगा म्हणून त्या अटीत बसलो, पण दोघांचा आकडा ऐकून मीच नको म्हटलं, त्यापेक्षा येऊन-जाऊन राहतो. कॅनडात आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षं राहता येतं पण एक लाख डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, शुगरवाल्या माणसाला त्याचा हप्ता किती येतो ते आधी विचारा.

खारघर_सेक्टर१२

मुलीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. ती डॉक्टर व्हायचं म्हणते ते हट्ट म्हणून सोडून देऊ नका, त्यात हिशोब आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्याला साधारणपणे डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणजे आत्ता घेऊन गेलात आणि दोन-तीन वर्षांनी नाही जमलं म्हणून परत आलात तर तिची दहावी बाहेर झालेली असेल आणि राज्य कोट्याचं दार बहुतेक बंद. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, मस्कतहून आले तेव्हा मुलगा अकरावीत, हुशार पोरगा, मार्क असून अडकला.

आणि तिकडे मेडिकल सोपं आहे असंही नाही. कॅनडात बहुतेक ठिकाणी आधी डिग्रीची काही वर्षं, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, आणि सीट जवळजवळ सगळ्या सिटिझन-पीआरलाच. त्यामुळे एकतर ती नववीत जायच्या सुमारास सगळे जा आणि मग परत यायचं नाही हे ठरवून जा, नाहीतर तिची बारावी होऊ द्या. दहावी-अकरावीच्या मध्ये उचलू नका पोरीला. तिसरीतल्याचं काही नाही, तो कुठेही रुजेल.

ऐरोली_नाईटड्युटी

सिस्टर, मीपण आयसीयूलाच. जर्मनीचं मी बघतेय. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये खूप चर्चा झाली. नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी२ पातळीपर्यंत (बी१ च्या वरची पायरी) जर्मन लागतं, मी बी१ ला आहे, नाईट करून अभ्यास करायचा म्हणजे सोपं नाही. माझं वय २६ आणि एकटी आहे म्हणून जमतंय. तुमची मुलगी आठवीत आहे, तिला सगळे विषय एकदम जर्मनमध्ये पडतील, तिच्यासाठी इंग्लिशवाला देशच बघा. ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रेशनलाही एनक्लेक्स चालते, त्यामुळे लेखीच्या एका अभ्यासात दोन देश होतात, ऑस्ट्रेलियाची प्रॅक्टिकल परीक्षा मात्र वेगळी द्यावी लागते.

वाघबीळची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते त्याच संध्याकाळी खारीगावला जाऊन आले. सासऱ्यांचा मेडिक्लेम नाहीच आहे, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, त्यांनी मधेच बंद केला होता. आता जायचं असो नसो ते काम पहिलं. शेजारच्या वहिनी किल्ली ठेवायला तयार आहेत.

रविवारी चौघं बसून बोललो, ह्या वेळी मुलीला आधी बोलू दिलं. खारघरवाल्या दादांनी सांगितलेलं दहावीचं तिला पटलं आणि मग तीच म्हणाली की आई तू परीक्षा तर दे. घणसोलीला जूनमध्ये शिफ्ट व्हायचं जवळजवळ ठरलं, मिस्टरांचा चेहरा आत्ताच उजळलाय. धुळीचा प्रश्न तिथे सुटेल असं नाही वाटत, आणि माझ्या नाईट ड्युटीचाही नाही, त्यामुळे मी एनक्लेक्सचा अभ्यास सुरू करतेय, कॅनडा-ऑस्ट्रेलिया दोन्ही उघडं ठेवून. फाईल टाकली तर माझ्या नावाने. मुलीच्या शाळेमुळे मार्चपर्यंत नक्की काय ते ठरवावं लागेल, तेवढ्या वेळात कागदपत्रांचं काम किती होईल? नाशिकच्या युनिव्हर्सिटीचं ट्रान्सक्रिप्ट कुणी काढलंय का?

जुनी_चरई

मी काढलंय. फक्त मार्कशीटवर भागत नाही, प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगळे लिहून लागतात, तिथेच सगळ्यांचं अडतं. ते तुमच्या कॉलेजमधून सही-शिक्क्यासकट घ्या, जुन्या क्लार्क बाई असतील तर स्वतः जाऊन भेटा, मेलवर काम होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन त्याच आठवड्यात टाका कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, डिग्री आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर एकच नाव आहे ना बघा, नसेल तर नाव बदलल्याची गॅझेटमधली नोंद आधी. मार्चपर्यंत एवढं झालं तरी खूप झालं.