मदत हवी आहे: चष्मा, मंद उजेड आणि फिल्म रेंजफाइंडर. एक बॉडी की दोन?

नमस्कार मंडळी,

३५ मिमी फिल्मवर मी आजवर एसएलआरनेच (आरशावरून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) फोटो काढत आले. आता रेंजफाइंडर घ्यायचा हे पक्कं आहे (यात लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरमधून बघायचं, आणि मधल्या चौकोनात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायचा), पण बॉडी एक घ्यावी की दोन, आणि कोणत्या, यावर गाडं अडलंय.

लेन्स आधीच आहेत. फोइग्टलेंडरची ३५ मिमी एफ २.५ लायका एम माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसायची जागा), आणि त्यांचीच ५० मिमी एफ १.५, ती ३९ मिमी स्क्रूची, म्हणजे आट्यांवर फिरवून बसणारी. स्क्रूची लेन्स एक मिलिमीटरच्या रिंगने एम माउंटवर बसते, एम माउंटची लेन्स मात्र स्क्रूच्या बॉडीवर कशीही बसत नाही. म्हणून कॅनन पी, कॅनन ७, झोर्की, फेड ही सगळी मंडळी यादीतून गेली. कॅनन पीचं वाईट वाटलं, कारण त्यात दिसणारं चित्र अगदी डोळ्याने दिसतं तेवढंच मोठं असतं. लेन्स न बदलणारे जुने कॅमेरे, म्हणजे कॅनोनेट किंवा यशिका इलेक्ट्रो ३५, नकोत.

मी मुख्यतः माणसांचे फोटो काढते: घरात, खिडकीच्या उजेडात, आणि ओळखीच्या मंडळींच्या नाटकाच्या तालमीत. तिथे फ्लॅशचा प्रश्नच नाही, आणि शटरचा आवाजही कमीत कमी हवा.

आता खरी अडचण. मला चष्मा आहे आणि नंबर सिलिंड्रिकल आहे, त्यामुळे आयपीसला साधं भिंग लावून भागत नाही. चष्मा लावूनच बघावं लागतं. डोळा काचेपासून लांब राहिला की फाइंडरच्या कडा कापल्या जातात. ३५ मिमीची चौकट (फोटोत किती भाग येईल ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या रेषा) पूर्ण दिसायची तर फाइंडरचं मोठेपण, म्हणजे दृश्य किती पट मोठं दिसतं ते, कमी हवं. पण ५० मिमी लेन्सचं छिद्र एफ १.५ पर्यंत पूर्ण उघडं ठेवून, एक मीटरवरून चेहरा घ्यायचा तर फोकसमध्ये जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जागा मिळते. तिथे मोठेपण जास्त असलेलं बरं. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात, आणि माझी सगळी तुलना इथेच येऊन थांबते.

रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा ज्यांतून येतात त्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले फाइंडरचं मोठेपण, म्हणजे फोकसच्या अचूकतेसाठी खरोखर उपयोगी पडणारं अंतर. या हिशोबाने मी यादी लावून बघितली. लायका एम३ (१९५४) मध्ये ०.९१ मोठेपण, म्हणजे सुमारे ६२ मिमी. ५० साठी याहून सुंदर फाइंडर नसावा, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. पण त्यात ३५ ची चौकटच नाही. ३५ साठी त्या काळी फाइंडरच्या खिडक्यांपुढे येणारी जादा भिंगं लावलेल्या खास लेन्स निघाल्या होत्या, माझ्या लेन्सला तो मार्ग नाही. लायकाच्याच एम२ आणि एम६ मध्ये ०.७२, म्हणजे जवळपास ५० मिमी. एम६ टीटीएल ०.५८ फाइंडरसहही निघाला होता, त्याचे ४० मिमी होतात. त्यात ३५ ची चौकट ऐसपैस दिसेल, पण ५० ची फार छोटी होते.

कोसिना या जपानी कंपनीने बनवलेल्या दोन मालिकाही डोक्यात आहेत. बेसा आर३ए आणि आर३एम यांच्यात मोठेपण पूर्ण १ आहे, पण खिडक्यांमधलं अंतर ३७ मिमीच, आणि चौकटी ४० पासून सुरू होतात. आर२ए, आर२एम मध्ये ३५ आहे, पण हिशोब २६ मिमीवर येतो. एफ १.५ साठी मला ते कमी वाटतं. शिवाय बेसाचं धातूचं शटर खणखणीत वाजतं, तालमीत ते नको. दुसरा झाइस इकॉन: ७५ मिमी अंतर, ०.७४ मोठेपण, म्हणजे सुमारे ५५ मिमी. फाइंडर मोठा, स्वच्छ, चष्मेवाल्यांना सोयीचा. छिद्र ठरवलं की शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. पण शटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक, बॅटरी गेली की कॅमेरा बंद. उत्पादन थांबूनही दशक उलटलंय, सर्किट गेलं तर पुढे काय?

उजेड मोजणाऱ्या मीटरची फारशी चिंता नाही, हातातला मीटर वापरायची सवय आहे.

म्हणून दोन पर्याय समोर दिसतात:

५० साठी एम३ आणि ३५ साठी दुसरी एखादी बॉडी, अशी जोडी. किंवा एकच एम६ अथवा झाइस इकॉन, आणि दोन्ही लेन्स त्याच्यावर. चष्मा लावून ०.७२ मध्ये ३५ ची चौकट सबंध दिसते का, आणि त्याच फाइंडरमध्ये एफ १.५ वर भरवशाने फोकस होतो का, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. दुसरं, जुनी बॉडी हातात घेतल्यावर नेमकं काय तपासावं?

प्रतिसाद १

मीही चष्मा लावतो, आणि गेली बरीच वर्षं एम२ वापरतो. ०.७२ मध्ये ३५ ची चौकट मला दिसते, कोपरे बघायला डोळा किंचित हलवावा लागतो. २८ ची मात्र चष्म्यातून दिसत नाही, तुम्हाला ती नकोच आहे. एम२ मध्ये ३५, ५०, ९० यांपैकी एका वेळी एकच चौकट दिसते, हे मला एम६ पेक्षा फार आवडतं. एम६ मध्ये ३५ सोबत १३५ आणि ५० सोबत ७५ अशा जोड्या येतात.

फोकसबद्दल: ६२ आणि ५० मिमी यांतला फरक कागदावर मोठा वाटतो, पण ५० मिमी एफ १.५ लेन्सला ५० मिमीचं उपयोगी अंतर पुरेसं आहे. रेंजफाइंडर नीट जुळवलेला नसेल तर ६२ चाही उपयोग नाही. बॉडी निवडण्याआधी तो जुळवून देणारा जाणकार दुरुस्तीवाला शोधा, माझ्या मते हे पहिलं काम.

स्क्रूच्या रिंगकडेही लक्ष द्या. कोणती चौकट उजळेल ते ती रिंग ठरवते, तुम्हाला ५०/७५ ची लागेल.

प्रतिसाद २

तपासणीबद्दल लिहिते. लेन्स अनंतावर ठेवून दूरच्या उभ्या कडेवर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात का ते बघा. मग टेपने एक मीटर मोजून तिथे तेच करा. प्रतिमा वर-खाली सरकलेल्या नाहीत ना, तेही बघा. मधला चौकोन फिकट किंवा काळा दिसला तर बॉडी सोडून द्या. एम३ मध्ये प्रिझमचा जोड सुटला की असं होतं आणि ती दुरुस्ती सोपी नाही.

मागचं दार उघडून शटरच्या कापडावर टॉर्च मारा. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे सूर्य लेन्समधून थेट कापडावर पडतो आणि बारीक भोक पडू शकतं. १/१००० वर काही फ्रेम काढून रोल धुवा, एक कड काळवंडली असेल तर दोन्ही पडदे एका गतीने धावत नाहीत.

आणि एम३, एम२ च्या आयपीसला उघडी धातूची कड असते. चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात, पहिल्याच दिवशी रबराची रिंग लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चौकटीचं रिंगवर अवलंबून असणं मला माहीत नव्हतं.

एम३ आता यादीतून काढते. दोन बॉडी घेतल्याच तर दोन्हींत फाइंडर ०.७२ चाच असावा, एकीत मंद आणि दुसरीत वेगवान (कमी उजेडात चालणारी) फिल्म, म्हणजे डोळ्याला बदल जाणवणार नाही. आधी एम२ घेईन, काही रोल काढेन, गरज वाटली तर सोबत एम६.

फक्त एक शंका उरली आहे. एम६ मध्ये बाजूने जोराचा उजेड आला की मधला चौकोन पांढरा पडतो, आणि ही अडचण २००३ च्या लायका एमपी या मॉडेलपासून दूर झाली असं वाचलंय. तालमीत दिवे नेहमी बाजूनेच असतात. ज्यांनी एम६ अशा उजेडात चालवलाय त्यांना विचारते: डोळा जरा सरकवला की चौकोन परत दिसतो, की तोवर क्षण निघून जातो?