अंगात त्राण नसताना कुत्रीच्या अ‍ॅजिलिटीचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) सराव कसा टिकवायचा?

काळूची_ताई
कामावरून यायला आठ वाजतात. कुत्री दोन वर्षांची, देशी, १६ किलो. उड्या आणि टनेल जमतात, वीव्ह पोल्स (ज्यांच्यामधून नागमोडी जायचं ते खांब) सहापर्यंत आलेत. पण गच्चीवर सगळं मांडायचं म्हटलं की हातपाय गळतात आणि आठवडा कोरडा जातो. मांडामांड न करता दहा मिनिटांत काय घेता येईल? आणि रोज सराव झाला नाही तर ती शिकलेलं विसरेल का?

हलकी_दांडी
दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो: विसरणार नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवलं होतं (२०११). आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेले कुत्रे रोजच्यांपेक्षा कमी सत्रांत शिकले आणि चार आठवड्यांनंतरही सगळ्या गटांच्या ते लक्षात होतं. मंगळवार बुडाला म्हणून बुधवारी दुप्पट सराव मुळीच नको.

दमलेल्या दिवशी एक बादली पुरे. ती हॉलमध्ये उलटी ठेवा, खाली रबरी मॅट घाला, कारण गुळगुळीत फरशीवर वळताना मागचे पाय घसरतात. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे दहा तुकडे वाटीत मोजून घ्या. बादलीजवळ अर्ध्या पावलावर उभ्या राहा आणि तिला बादलीला वळसा घालायला लावा, पाच डावीकडून, पाच उजवीकडून. वाटी संपली की सराव संपला, ती कितीही मागे लागली तरी.

खाऊ कुठे देता यावर सगळं अवलंबून आहे. ती वळसा पूर्ण करून तुमच्या समोर आल्यावर दिलात तर तिची नजर हाताकडे राहते आणि वळण रुंद होतं. वळतानाच, बादलीला लागून द्या. मैदानात उडीनंतरचं घट्ट वळण इथेच तयार होतं.

पिवळा_पट्टा
कॉन्टॅक्टसाठी (उतरत्या फळीच्या टोकाला पंजे टेकवून थांबण्यासाठी) जिन्याची शेवटची पायरी वापरा. मागचे दोन पाय पायरीवर, पुढचे दोन जमिनीवर. खाऊ पुढच्या पंजांच्या मधे, अगदी जमिनीलगत द्या. वर धरलात की ती मागचे पाय उचलते. पाच वेळा पुरे. तिला थांब्यातून सोडायचा शब्द उच्चारताना हात-खांदे स्थिर ठेवा. शब्द आणि हालचाल एकदम झाली तर ती शब्द न ऐकता हालचालीवर सुटते, आणि डॉगवॉकवर (उंचावरच्या अरुंद फळीवर) ती असताना तुम्ही बाजूने धावत असाल तेव्हा थांबतच नाही.

काळूची_ताई
वीव्ह पोल्सही थोडे घेऊ का?

हलकी_दांडी
दमलेल्या दिवशी नको. स्पर्धेत १२ खांब असतात, ६० सेंमी अंतरावर, आणि पहिला खांब कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा. तुम्ही थकला असाल तर इशारा उशिरा जातो, तिचा प्रवेश चुकतो आणि चुकीचाच प्रवेश पक्का होतो. ते सुट्टीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत. पावसाळ्यात गच्चीवरचं शेवाळ आधी घासून काढा.

अगदीच उभं राहवत नसेल तर तिला झोपू द्या. कागदावर पाच उड्यांचा कोर्स काढा आणि फ्रंट क्रॉस (कुत्रीच्या पुढून वळून बाजू बदलणं) कुठे, कोणत्या पायावर, ते ठरवून ठेवा.

पिवळा_पट्टा
आणि तीन-चार फेऱ्यांतच ती जमीन हुंगत बाजूला जाऊ लागली तर तिला आळशी समजू नका. आधी पंजे बघा: बोटांमधे काटा, वाढलेली नखं, उन्हाने तापलेल्या गच्चीने भाजलेली गादी. उडी टाळत असेल तर पशुवैद्याला दाखवेपर्यंत उडीची दांडी जमिनीवरच ठेवा.