चीक: गव्हाचा, गाईचा आणि फणसाचा. शब्द एक की तीन?

मूळ प्रश्न

परवा कुरडयांचा घाट घातला होता. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून फडक्यातून पिळून घेतले आणि चोथा बाजूला काढला. पांढरं पाणी रात्रभर निवळत ठेवलं. सकाळी वरचं आंबूस वासाचं पाणी अलगद ओतून टाकलं, तर तळाशी चीक बसलेला. बोट जोरात दाबलं की टणक लागतो, उचलून धरला की ओघळून जातो.

लेक दहावीला आहे. शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, गेल्या आठवड्यात काकूंनी गाईचा चीक दिला, त्याचा तू खरवस केलास. काल फणस कापताना म्हणालीस, हात लावू नकोस, चीक लागेल. आणि हा गव्हाचा चीक. तिन्ही एकच असतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात महारेणू आणि बहुवारिके असे शब्द आहेत, त्याखाली प्रथिनं, पिष्ट, रबर हे सगळं एकत्र येतं. त्या शब्दांचा आणि आपल्या चिकाचा काही संबंध आहे का? आणि तीन वेगळ्या गोष्टींना मराठीनं एकच नाव का दिलं असेल?

प्रतिसाद, सातारा (निवृत्त विज्ञानशिक्षक)

ताई, तुमच्या लेकीनं फार मोलाचा प्रश्न विचारलाय. तिन्ही चीक रसायन म्हणून वेगळे आहेत, पण तिन्ही महारेणूंचेच, म्हणजे लहान घटक जोडून झालेल्या फार मोठ्या रेणूंचेच आहेत. त्यामुळे एक शब्द वापरणाऱ्यांनी काही चूक केलेली नाही.

गव्हाचा चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट, ज्याला स्टार्च म्हणतो ते. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकाला एक जोडून त्याच्या साखळ्या होतात. साधारण एक चतुर्थांश साखळ्या सरळ असतात, ते अमायलोज. बाकीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, ते अमायलोपेक्टिन. गव्हाच्या दाण्यात या साखळ्या बारीक कणांमध्ये घट्ट बांधून ठेवलेल्या असतात. रोपासाठी साठवलेली शिदोरीच ती. थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत, म्हणून रात्रीतून तळाला बसतात. पाणी तापून ६० अंशांच्या आसपास गेलं की कणांत पाणी शिरतं, ते फुगतात, साखळ्या सुटून एकमेकींत अडकतात. पांढराफटक चीक हाटता हाटता काचेसारखा होतो आणि पळी जड लागायला लागते, ते हेच. तुम्ही चीक शिजला की नाही हे रंगावरून ओळखता, म्हणजे कण फुटल्याची खूणच बघत असता.

गाईचा चीक ही वेगळी गोष्ट. तिथे पिष्ट अजिबात नाही, प्रथिनं आहेत. साध्या दुधात प्रथिनं साधारण ३ टक्के. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास. त्यात मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा असतो. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती या चिकातूनच मिळतात आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी आत घेऊ शकतं ते फक्त पहिला दिवसभर. म्हणून जाणते लोक आधी वासराला पोटभर पाजतात, मग उरलेला चीक काढतात.

प्रथिनही साखळीच, पण तिचे मणी एकसारखे नसतात. २० प्रकारची ॲमिनो आम्लं ठरावीक क्रमानं ओवलेली असतात आणि त्या क्रमानुसार साखळीची विशिष्ट आकाराची गुंडाळी होते. प्रतिपिंड जंतूला पकडतं ते या आकाराच्या जोरावर. वाफेवर ठेवलं की गुंडाळी उलगडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना धरतात आणि मध्ये पाणी अडकून जाळी तयार होते. तोच खरवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकात प्रथिनं झपाट्यानं कमी होतात, म्हणून त्याचा खरवस नीट धरत नाही. पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घालावं लागतं, नाहीतर वडी दडस होते, हे तुम्हाला माहीत असेलच.

पिष्टात मणी एकच, म्हणून काम साठवणुकीचं. प्रथिनात मणी अनेक, म्हणून कामंही अनेक. लेकीला एवढं सांगितलंत तरी धडा अर्धा झाला.

प्रतिसाद, सावंतवाडी

फणसाच्या चिकाबद्दल मी लिहितो, कारण आमचा त्याच्याशी रोजचा संबंध. तुमचे पहिले दोन चीक पाण्यानं धुतले जातात. फणसाचा चीक पाण्यानं धुऊन बघा, आणखी पसरतो. म्हणून आम्ही सुरीला आणि हातांना आधीच खोबरेल लावतो, आणि लागलाच तर तेलानंच काढतो. कारण त्यात रबरासारख्या, आयसोप्रीन नावाच्या लहान रेणूच्या साखळ्या आणि राळेसारखे पदार्थ असतात. त्यांना पाण्याचं वावडं, तेलाची ओढ. दोडामार्गकडे रबराचे मळे आहेत. तिथे पहाटे झाडाला तिरकी चीर देऊन करवंटीसारख्या वाटीत जे धरतात, त्यालाही चीकच म्हणतात. त्यात ३० ते ४० टक्के रबर असतं. झाडाला जखम झाली की हा चीक बाहेर येऊन ती बुजवतो आणि किड्याचं तोंडही चिकटवतो.

या रबरावरूनच महारेणू हा विचार पुढे आला, हे लेकीला जरूर सांगा. त्या काळच्या बहुतेक रसायनतज्ज्ञांना वाटायचं की रबर म्हणजे लहान रेणूंचा नुसता पुंजका, कसल्याशा ओढीनं एकत्र राहिलेला. हेरमान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० मध्ये मांडलं की या खऱ्याखुऱ्या, पक्क्या बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या आहेत, आणि १९२२ मध्ये त्यांना महारेणू या अर्थाचा जर्मन शब्द दिला. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. नोबेल मिळालं १९५३ मध्ये.

प्रतिसाद, पुणे (भाषेची विद्यार्थिनी)

शब्दाच्या बाजूनं थोडं. संस्कृतात 'चिक्कण' म्हणजे तुळतुळीत, स्निग्ध. चिकण माती, चिकणी सुपारी त्याच घरातले. चिकट, चिकटणे, चिकटा हे चिकाचे सख्खे भाऊ. म्हणजे हा शब्द पदार्थाचं नाव सांगतच नाही, वागणं सांगतो: आतून पाझरलेलं किंवा पिळून काढलेलं, पांढरट, दाट, बोटाला धरणारं. साखळ्या लांब असल्या की त्या एकमेकींत गुंततात आणि द्रव दाट होतो, हे वरच्या दोन्ही प्रतिसादांत आलंच आहे. बोलणाऱ्यांनी नेमकं तेच पकडलं.

पण मराठी इथे ढिसाळ आहे असं समजू नका. बाभळीच्या खोडावर येतो तो डिंक, चीक नव्हे. डिंक पारदर्शक, वाळून खडा होतो, पाण्यात फुगून विरघळतो. तोही महारेणूच, साखरेच्या साखळ्यांचा, तरी त्याला चीक म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पाण्यात न विरघळणारी ती राळ. आजीच्या तोंडी हे भेद अगदी पक्के होते.

आता पुस्तकी शब्द. 'पिष्ट' म्हणजे शब्दशः दळलेलं, आणि आपलं 'पीठ' त्यातूनच आलं. 'कर्बोदक' म्हणजे कर्ब आणि उदक. ग्लुकोजच्या सूत्रात कार्बनच्या ६ अणूंमागे पाण्याचे ६ रेणू मोजता येतात, त्यावरून. शब्द हिशोबाचा आहे, रचनेचा नाही. साखर कोरडी करून त्यातून पाणी निघेल असा अर्थ मुलं काढतात, तो काढू देऊ नये. 'प्रथिन' मला सगळ्यात आवडतो. मूळ ग्रीक शब्दात 'पहिलं' असा भाव आहे, आणि मराठी शब्दात 'प्रथम' ऐकू येतो. ध्वनीही जवळचा, अर्थही जवळचा. असा पारिभाषिक शब्द क्वचित जमतो.

'महारेणू' शिकवताना एक काळजी घ्या. मराठीत अणू लहान आणि अणूंचा मिळून रेणू. हिंदीत परमाणु लहान आणि त्यांचा अणु. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास गोंधळतात.

प्रतिसाद, सातारा

बहुवारिक राहिलाच. मी तो असा फोडून शिकवायचो: वार म्हणजे खेप, 'वारंवार'मधला. एकच घटक बहुत वेळा येतो तो बहुवारिक, तो घटक एकटा असेल तेव्हा एकवारिक.

प्रतिसाद, नागपूर

मग तूप कशात बसवायचं? पुस्तकात मेदही याच यादीत देतात.

प्रतिसाद, सातारा

दादा, मेद हे जीवनावश्यक मोठे रेणू म्हणून यादीत येतात, पण ते बहुवारिक नाहीत. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली की रेणू पुरा झाला, पुढे साखळी वाढत नाही. म्हणून तूप वितळलं की पाण्यासारखं पातळ होतं, चिकासारखं तार धरत नाही.

प्रतिसाद, डहाणू

आमच्याकडे चिकूच्या बागा. कच्च्या चिकूला चीक भरपूर, म्हणून त्याचं नाव चिकू, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय.

प्रतिसाद, पुणे

ऐकायला छान आहे, पण तसं नाही. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा आणि नाव तिथूनच, स्पॅनिशच्या वाटेनं आलं. योगायोग मात्र सुंदर: त्याच झाडाच्या चिकापासून तिकडे चघळायचा गम करत असत.

प्रतिसाद, मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीनं औषधाच्या पेटीतलं आयोडिन काढलं. एका बशीत गव्हाचा शिजलेला चीक, दुसरीत फ्रीजमधला साध्या, साखर घातलेल्या खरवसाचा तुकडा. दोन्हींवर एकेक थेंब. गव्हाच्या चिकावर थेंब पडताक्षणी निळा-काळा झाला, शाई सांडावी तसा. खरवसावर तो पिवळट तपकिरीच राहिला. तिनं वहीत दोन्ही बशा काढल्या, खाली पिष्ट आणि प्रथिन असं लिहिलं, आणि वर शीर्षक दिलं: चीक.

आता तिला केळ्यातलं डीएनए काढायचंय. मीठ, भांड्याचा साबण आणि थंडगार अल्कोहोल घातलं की पांढरे तंतू वर येतात आणि काडीवर गुंडाळता येतात, असं तिच्या बाईंनी सांगितलंय. बाईंनी हेही सांगितलं की हा पदार्थ पहिल्यांदा १८६९ मध्ये फ्रीडरिश मिशर यांना जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवात सापडला. त्या तंतूंना काय म्हणायचं, चीक की तार, हे ती रविवारी ते हातात घेऊन ठरवणार आहे.