वाडा सोडून सदनिकेत आल्यापासून वडिलांची झोप उडाली आहे

प्रश्न : गोत्रीकर

आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील वाड्यात राहिले. वाडा मोडकळीस आल्याने दिवाळीनंतर आम्ही गोत्री भागातील एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट आहे, पाण्याची ददात नाही, खोल्याही ऐसपैस आहेत. तरीही पंचाहत्तरी ओलांडलेले वडील तेव्हापासून रात्री दोन-तीनला जागे होतात ते पुन्हा झोपत नाहीत, आणि दिवसभर दूरचित्रवाणीसमोर पेंगत असतात. रक्ताच्या तपासण्यांत वावगे काही निघाले नाही आणि डॉक्टर झोपेची गोळी देण्यास राजी नाहीत. त्यांच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, रहदारीच्या रस्त्यावर उघडते. नातेवाईक पलंगाची दिशा बदलण्याचा सल्ला देतात. मर्यादित खर्चात आधी कशाला हात घालावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : उजेडवाट

मी सुरुवात उजेडापासून करीन, कारण त्याला खर्च नाही. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज निळसर उजेडाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या काही पेशी असतात आणि त्या मेंदूतील दिनचक्राच्या घड्याळाला वेळ लावून देतात. वय वाढते तसे नेत्रभिंग पिवळसर होते, म्हणून तोच उजेड वृद्धांच्या पडद्यापर्यंत कमी पोहोचतो. अर्थात त्यांना तरुणांपेक्षा अधिक उजेडाची गरज असते, आणि नेमके तेच दिवसभर घरात बसतात. घरातला दिवसाचा उजेड बहुधा काही शे लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत मोजावा लागतो. वाड्यात चौकात बसून दात घासणे, अंगणात वर्तमानपत्र वाचणे, यातून तो आपोआप मिळत असे. पश्चिमेच्या खोलीत सकाळ येतच नाही. त्यांना सकाळी अर्धा-पाऊण तास मोकळ्यावर बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासात आवरा आणि रात्री दूरचित्रवाणी व पांढरे दिवे लवकर बंद करा.

उत्तर : वीटचुना

उजेडाचे म्हणणे मान्य आहे. परंतु मी घरबांधणीच्या क्षेत्रात असल्याने मला ती पश्चिमेची भिंत अधिक खटकते. जुन्या वाड्याच्या जाड भिंती आणि मधला चौक उन्हाचा ताप आत पोहोचू देत नसत. तुमच्या इमारतीची पातळ भिंत दुपारभर तापते आणि साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहते, तर गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे अधिक जाणवेल. पलंगाची दिशा कोणतीही असो, तो त्या भिंतीपासून दूर असावा, एवढेच मी म्हणेन. खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा बांबूची चटई लावा. ऊन काचेच्या बाहेर अडवणे हे आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

आवाजाविषयी लोकांचा समज असतो की सवय होते. मनाला होते, शरीराला तितकीशी नाही : झोपमोड झाली नाही तरी ट्रकच्या आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात. आपल्या देशातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा 45 डेसिबल आहे. राज्य सरकारला वर्षात पंधरा दिवसांपर्यंत सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देता येते, आणि गरब्याच्या आपल्या शहरात तिचा अर्थ सांगायला नको. जाड पडद्यांनी आवाज फारसा अडत नाही. सरकत्या खिडकीच्या फटी हीच खरी वाट असते. त्या रबरी पट्टीने बुजवा. मात्र सगळे बंद केले की खोली कोंदट होते, म्हणून हवा रस्त्याच्या विरुद्ध बाजूने यावी. जमत असेल तर रस्त्याकडची खोली बैठकीसाठी वापरून वडिलांना मागच्या खोलीत न्या. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि घरातील तरुण मंडळींना तो बहुधा रुचत नाही.

उत्तर : ओटीवरचा

दोघांनीही भिंती आणि खिडक्या पाहिल्या. माणसे कुठे गेली? वाड्याच्या ओटीवर बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलत असे, आणि लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे काही घडत नाही. ही केवळ हळहळ नव्हे. 2010 साली 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे दीडपट आढळली. यावरून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होतो असे नाही, कारण आजारी माणसाच्या गाठीभेटी मुळातच कमी होतात. तरी दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

खिडकीतून झाडे दिसणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना रुग्णालयातून लवकर घरी जाता आले, हा 1984 सालचा अमेरिकेतील अभ्यास अशा चर्चांत हमखास पुढे येतो. तो एकाच रुग्णालयातील 46 रुग्णांचा होता, त्यामुळे गॅलरीत चार कुंड्या ठेवून झोप येईल अशी आशा बाळगू नये. त्यापेक्षा आठवड्यातून काही सकाळी त्यांना कमाटीबागेत नेऊन सोडा आणि जुन्या शेजाऱ्यांनाही तिथेच बोलवा. उजेड, चालणे आणि गप्पा हे तिन्ही एकदम साधेल.

गोत्रीकर

मागची खोली मुलाच्या अभ्यासाची आहे, त्यामुळे घरात थोडी वाटाघाट करावी लागेल. कमाटीबागेची सूचना वडिलांना वाचून दाखवली. रिक्षाभाड्याची तक्रार करून त्यांनी होकार दिला आहे.

उत्तर : उजेडवाट

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या. वडील रात्री लघवीसाठी उठतात का, आणि रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ती सायंकाळी घेतली जाते का? तसेच मोठे घोरणे, मधेच श्वास अडकल्यासारखा होणे आणि दिवसा पेंगणे ही लक्षणे एकत्र असतील, तर निद्राश्वसनरोधाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्यावी. त्यावर खोली बदलून उपयोग होत नाही.