जुनी फ्युएल इंजेक्शनची गाडी गारठ्यात सकाळी स्टार्ट घेत नाही, आधी काय तपासू?

निवांत_गिअर

नमस्कार मंडळी. १९८० च्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, एल-जेट्रॉनिक सिस्टीम, म्हणजे फ्लॅपवाला एअर मीटर, चार इंजेक्टर आणि इनटेक मॅनिफोल्डवर तो वेगळा पाचवा कोल्ड स्टार्ट इंजेक्टर. एकदा तापली की काही तक्रार नाही, सेल्फला हात लावला की उठते. पण रात्रभर उभी राहिली आणि बाहेर गारठा असला की सेल्फ मारतच बसायचं, मग फट्फट् करून एकदाची पकडते, लगेच बंद, परत सेल्फ, आणि शेवटी चालू झाली तरी बराच वेळ आरपीएम इतके खाली की पायाने रेस धरून ठेवावी लागते. मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजेक्टर चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, बदलून टाकू. ईसीयू गेला असता तर गरम झाल्यावर एवढी झकास कशी चालली असती? पार्ट बदलत सुटण्याआधी कुठून सुरुवात करू? मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

चोक_ओढा

सोप्पंय भाऊ, चावी फिरवायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा पूर्ण दाबा आणि मग सेल्फ मारा. आमच्या जुन्या गाड्या अशाच उठायच्या.

मीटरवाली

चोक_ओढा, ते कार्ब्युरेटरला. तिथे पेडल दाबलं की अ‍ॅक्सिलरेटर पंप पेट्रोलची पिचकारी मारतो आणि ऑटो चोकही सेट होतो. इथे इंजिन फिरत नसताना पेडल कितीही दाबा, थेंबभर पेट्रोल जात नाही, नुसता थ्रॉटल उघड-बंद होतो. थंड असताना पाय लांब ठेवूनच सेल्फ मारायचा. पेडल दाबायची वेळ एकच, इंजिन फ्लड झालं असेल तर, तेव्हा पूर्ण दाबून धरायचं म्हणजे जास्त हवा जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं.

निवांत_गिअर, ईसीयूला अजिबात हात लावू नका. आधी एकच गोष्ट करा: सकाळी सेल्फ मारून गाडी उठली नाही की तिथल्या तिथे एक स्पार्क प्लग काढून बघा. ओला आहे का कोरडा? बाकीचा सगळा तपास त्यावर ठरतो. कोरडा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ओला म्हणजे जास्त होतंय किंवा स्पार्क नाहीये. बरेच लोक हे न बघताच सेन्सर, पंप, इंजेक्टर सगळं बदलून मोकळे होतात आणि गाडी तिथेच.

का ते सांगते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या आणि पोर्टच्या भिंतींना चिकटून बसतं, त्यामुळे गरम इंजिनाला जे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरतं ते थंडीत पेटतच नाही, त्याच्या कितीतरी पट पेट्रोल आत घालावं लागतं म्हणजे त्यातलं थोडं पेटण्याजोगं निघतं. तुमच्या सिस्टीममध्ये हे जादा पेट्रोल दोन वाटांनी येतं. एक, पाचवा इंजेक्टर, तो फक्त सेल्फ चालू असताना फवारतो. दोन, कूलंट टेम्परेचर सेन्सर, तो ईसीयूला सांगतो की इंजिन थंड आहे आणि ईसीयू चारही इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो, सुरू झाल्यावरसुद्धा, तापेपर्यंत.

सेन्सर मोजायला सोपा. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाल्यावर कमी. बॉशचा नेहमीचा सेन्सर २० डिग्रीला साधारण २ ते ३ हजार ओहम, शून्याला ५-६ हजार, आणि ८० डिग्रीला ३०० च्या आसपास दाखवतो. पण सेन्सरवर मोजून थांबू नका, ईसीयूचा प्लग काढून तिकडच्या पिनांवरही मोजा, कारण सेन्सर चांगला आणि मधली वायर नाहीतर कनेक्टर गंजलेला असं हमखास सापडतं. आणि हो, डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, बहुतेक एका वायरचा. ईसीयूचा दोन वायरींचा. काटा बरोबर दाखवतोय म्हणून सेन्सर चांगला, असं धरून चालू नका.

वायरिंगवाला

ताईंचं बरोबर पण बॅटरी विसरू नका राव. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा, ९.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढचं सगळं सोडा आणि बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी आधी बघा. थंडीत बॅटरीची ताकद कमी, ऑइल घट्ट, म्हणजे सेल्फला जास्त करंट लागतो आणि तेवढ्यातच इग्निशनला आणि इंजेक्टरला व्होल्टेज कमी पडतं. जुन्या इंजिनात लोक जाड २०डब्ल्यू५० ओततात कारण त्याने इंजिन ऑइल कमी पितं, पण गारठ्यात तेच इंजिनाला जड करतं. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर पातळ ग्रेड घाला.

अजून एक, कोणीतरी येऊन सांगेलच की चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंप प्राइम करा. तुमच्या सिस्टीमला ते चालणार नाही. नंतरच्या मोट्रॉनिकसारख्या गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद फिरतो. एल-जेट्रॉनिकमध्ये पंप एकतर सेल्फ मारताना चालतो नाहीतर हवेने फ्लॅप उघडला की. नुसत्या चावीने काही होत नाही.

धूर_काळा

माझ्याकडे के-जेट्रॉनिक आहे, १९७३ पासूनची ती मेकॅनिकल सिस्टीम, इंजेक्टर सतत फवारणारी. त्यात ईसीयू नाहीच त्यामुळे ईसीयू बदलायचा सल्ला तरी कोणी देत नाही हा मोठा फायदा 😄 तिथे थंडीचं काम वॉर्म-अप रेग्युलेटर करतो, थंड असताना पेट्रोलचं कंट्रोल प्रेशर खाली आणतो, हवा मोजणारी प्लेट सहज उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. ते प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. पण पाचवा इंजेक्टर आणि त्याचा थर्मो-टाइम स्विच आमच्याकडेही तसाच, आणि थंडीतल्या तक्रारींचा नंबर एक गुन्हेगार माझ्या मते तोच स्विच.

निवांत_गिअर

सगळ्यांचे आभार. प्लग एकदम कोरडा. बॅटरी सेल्फ मारताना १०.३ व्होल्ट. सेन्सर ईसीयूच्या पिनांवर मोजला, पहाटे सुमारे ४ हजार ओहम, हे ठीक वाटतंय. आता थर्मो-टाइम स्विच कसा तपासायचा? आणि तो नक्की करतो काय, नावावरून टायमर वाटतो.

मीटरवाली

मस्त, निम्मं काम झालं. ४ हजार ठीकच.

थर्मो-टाइम स्विच कूलंटमध्ये बुडालेला असतो. आत बाय-मेटलची, म्हणजे तापली की वाकणारी, पट्टी आणि तिच्याभोवती हीटरची कॉइल. इंजिन थंड असलं की कॉन्टॅक्ट जोडलेला, त्यातून पाचव्या इंजेक्टरला अर्थ मिळतो आणि तो फवारतो. पण सेल्फ चालू असेपर्यंत हीटरही पट्टी तापवत असतो, आणि थोड्या सेकंदांनी कॉन्टॅक्ट सुटतो म्हणजे इंजिन पेट्रोलने तुंबू नये. कडक थंडीत, उणे २० ला वगैरे, जास्तीत जास्त ८ सेकंदांच्या आसपास, आणि जसजसं इंजिन कमी थंड तसतसा कमी वेळ. इंजिन गरम असेल तर कॉन्टॅक्ट सुटलेलाच राहतो, हूं की चूं नाही. बऱ्याच स्विचच्या अंगावरच तापमान आणि सेकंद कोरलेले असतात. यामुळेच न थांबता सेल्फ मारत राहिलात तर पुढच्या प्रयत्नाला जादा पेट्रोल मिळतच नाही, पट्टी अजून गरम असते. मध्ये थोडं थांबायचं.

तपासणी: इंजिन पूर्ण थंड असताना स्विचचा प्लग काढा. दोन पिना असतात, जी आणि डब्ल्यू. जी हीटरची, डब्ल्यू इंजेक्टरची. डब्ल्यू पीन आणि इंजिन बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोडणी, हवी. नसेल तर स्विच गेला. मग खात्रीसाठी काढलेल्या प्लगमधली डब्ल्यूची वायर तात्पुरती इंजिनाला अर्थ करून सेल्फ मारा. जीच्या वायरला हात नको, सेल्फ मारताना तिच्यात १२ व्होल्ट असतात.

पाचवा इंजेक्टर बाहेर काढून बरणीत फवारा बघायचा असेल तर स्पार्क बंद करूनच, आजूबाजूला ठिणगी नको आणि आग विझवायचं साधन हाताशी. पेट्रोल आहे ते.

निवांत_गिअर

डब्ल्यू पिनेला कंटिन्युइटीच नाही! वायर अर्थ केली आणि पहिल्या सेल्फला उठली, विश्वास बसला नाही. पण आरपीएम अजूनही खालीच, रेस धरून ठेवावी लागतेच. आणि एक प्रश्न, स्विच लगेच मिळेल असं दिसत नाही, तोवर त्या वायरला डॅशबोर्डवर एक बटण लावलं तर?

धूर_काळा

बटण अजिबात नको. उत्साहात लोक दाबून धरतात, प्लग ओले होतात, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली की तर संपलंच.

वायरिंगवाला

नको का म्हणे? लावायची जागा बरोबर असेल तर काही होत नाही. चूक होते ती लोक बॅटरीतून सरळ १२ व्होल्ट इंजेक्टरला देतात तिथे. बटण अर्थच्या बाजूला लावायचं, म्हणजे स्विचच्या डब्ल्यूच्या जागी. बहुतेक वायरिंगमध्ये इंजेक्टरचा प्लस सेल्फच्याच सर्किटमधून येतो त्यामुळे बटण दाबून ठेवलं तरी सेल्फ सोडल्यावर फवारा बंद. तुमच्या गाडीची डायग्राम बघून खात्री करा, सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. आणि सोडलं की सुटणारं बटण घ्या, खटका नको. दोन-तीन सेकंद बास.

मीटरवाली

तात्पुरतं असेल तर वायरिंगवाल्यांशी सहमत, कायमचं असेल तर धूर_काळा यांच्याशी. स्विच स्वतः तापमान बघून ठरवतो, माणूस अंदाजाने दाबतो.

आरपीएमची भानगड वेगळी आहे. थ्रॉटलला बायपास करणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह असतो, थंड असताना उघडा, मग आतला हीटर त्याला हळूहळू बंद करतो. थंड इंजिन ओढायला जास्त हवा लागते ती इथून येते. थंड इंजिन चालू असताना त्याचा होज पक्कडीने हलकेच दाबा. आरपीएम पडले तर व्हॉल्व्ह चांगला. काहीच फरक नाही तर तो बंद अवस्थेत अडकलाय. इंजिन तापल्यावर दाबून आरपीएम पडले तर उलटं, उघडा अडकलाय.

तेवढ्यातच फ्लॅपपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी बूट वाकवून भेगा बघा. तिथून शिरलेली हवा मीटर मोजत नाही आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, थंडीत ते आधी जाणवतं. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडा, इंजिन अडखळायला हवं. काही फरक पडला नाही तर आधीच कुठूनतरी हवा शिरतेय.

निवांत_गिअर

झाकणाला इंजिन अडखळलं, बूट ठीक. होज दाबून काहीच फरक नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बंद अडकलेला. काढला, आत काळी घाण, कार्ब क्लीनर मारून ठेवला तर पडदा हलायला लागला. आता थंडीत १२०० च्या आसपास उठते आणि तापली की आपोआप खाली येते. बटण अर्थच्या बाजूला लावलंय, डायग्राम बघूनच. स्विच एका ठिकाणी मिळतोय पण त्यावर सेकंद वेगळे कोरलेत, तापमान तेच आहे. चालेल?

वायरिंगवाला

तापमान तेच असेल तर सेकंदाचा थोडा फरक चालतो. बसवताना आटे जुळतायत ना बघा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, स्विचला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळते. टेप जास्त झाली की नवा स्विचसुद्धा मेलेला दिसतो.