लिटल अंदमान: जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती

अंदमानला जाणारा मराठी प्रवासी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभा राहतो, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (पूर्वीची हॅवलॉक आणि नील बेटे) पाहतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी विमानाने परत येतो. पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, डंकन सामुद्रधुनीच्या पलीकडे असलेले लिटल अंदमान त्यात सहसा नसते. सातशे चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट शांत आहे असे सर्वच सांगतात, पण ती शांतता कशामुळे आहे आणि कोणाला मानवेल, हे फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. समुद्राच्या रंगाची वर्णने थोडी कमी केली तरी चालतील. जहाज, राहणे, जेवण, तेथील माणसे आणि अडचणी यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त महसूल कर्मचारी, सातारा

सुरुवात जहाजाच्या तिकिटापासूनच करावी लागेल, कारण लिटल अंदमानची सहल तेथेच ठरते किंवा मोडते. हट बे या लिटल अंदमानच्या बंदराला जाणारी जहाजे सरकारी आहेत आणि त्यांवर पहिला हक्क बेटवासीयांचा असतो, जो मला पूर्णपणे योग्य वाटतो. ज्यांचे दवाखाना, न्यायालय, महाविद्यालय सारे पोर्ट ब्लेअरला आहे, त्यांना मागे ठेवून पर्यटकाला खिडकीजवळची जागा देण्याचे काही कारण नाही. आम्हा उभयतांना बंक मिळाले. जहाजानुसार सहा ते आठ-नऊ तास लागतात. आमच्या कक्षात पोर्ट ब्लेअरहून परतणारी कुटुंबे होती आणि त्यांच्या सामानात पंखा, शाळेची दप्तरे, पत्र्याची पेटी आणि झाकणाला भोके पाडलेल्या खोक्यात कोंबडीची पिल्ले होती. एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी सौभाग्यवतीला उलटीवर लिंबू दिले आणि नंतर रात्रभर पूर्व पाकिस्तानातून आपले वडील येथे कसे आले, जमीन कशी मिळाली आणि जंगल तोडून पहिले भात कसे लावले, हे मला सांगितले. नेताजी नगर, रामकृष्णपूर, विवेकानंदपूर ही तेथील गावांची नावे त्या पिढीने बरोबर काय आणले होते हे सांगतात, मात्र आज सर्वजण सरसकट ‘आर. के. पूर’ आणि ‘व्ही. के. पूर’ असेच म्हणतात.

स्थापत्य अभियंता, रत्नागिरी

मी सर्फिंगसाठी गेलो होतो. बटलर बे हा हट बेपासून सुमारे चौदा किलोमीटरवरचा लांब, वक्राकार किनारा आहे आणि भारतात नियमित लाटा मिळण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत त्याची गणना होते. सकाळी पाचला पाण्यात उतरता येते, कारण घड्याळ मुख्य भूमीचे आणि सूर्य मात्र खूप पूर्वेचा. याचा व्यत्यास असा, की डिसेंबरात सव्वापाचला अंधार पडू लागतो आणि त्यानंतर करण्यासारखे काहीही उरत नाही. ज्यांना संध्याकाळी फिरायला बाजारपेठ हवी, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

पर्यटकांच्या माहितीपत्रकांत वाळूवरील बारीक माश्यांचा उल्लेख नसतो. सँडफ्लाय चावताना जवळपास जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ उठते, मधोमध पाण्याचा बारीक थेंब दिसतो आणि खाजवले की तो फुटून जखम होते. स्थानिक मुले अंगाला खोबरेल तेल चोपडून वाळूवर बसतात. मीही तेच केले आणि त्रास बराच कमी झाला. खाडीच्या मुखाजवळ मगरीच्या इशाऱ्याचे फलक आहेत. ते शोभेसाठी लावलेले नाहीत. खाऱ्या पाण्यातील मगर या बेटांवर खरोखरच आहे, तेव्हा पोहावे कोठे, हे आधी गावात विचारावे.

व्हाइट सर्फ धबधबा जवळचा आणि सोपा आहे. व्हिस्पर वेव्ह या दुसऱ्या धबधब्यासाठी जंगलातून चालावे लागते आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये.

गृहिणी, पतीच्या बदलीमुळे काही काळ पोर्ट ब्लेअरला वास्तव्य

मी थोडी निराळी बाजू मांडते. हट बेला माझी मैत्रीण राहत असल्याने मी तिच्या घरी उतरत असे, त्यामुळे बेट मला स्वयंपाकघरातून दिसले. कांदे-बटाटे मुख्य भूमीवरून जहाजाने पोर्ट ब्लेअरला येतात आणि तेथून दुसऱ्या जहाजाने हट बेला. मध्ये हवामान बिघडले की कांदा आधी महागतो आणि मग दिसेनासा होतो. अशा वेळी तिच्याकडे कच्ची पपई, केळफूल, परसातली पुईची, म्हणजे मायाळूची, भाजी आणि मासे यांवर सारे घर चाले. जेटीजवळ सुरमई ताजी मिळे आणि आपल्याकडील दराची सवय असलेल्या मला तिचा भाव ऐकून दर वेळी संकोच वाटे. बाजारातील टपऱ्यांवर सकाळी पुरी-भाजी, दुपारी मासे-भात आणि चहाबरोबर शिंगाडा, म्हणजे बंगाली पद्धतीचा समोसा, असा ठरलेला क्रम असतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण निवडीला वाव नसतो.

डॉक्टर, नागपूर

मी 2005 च्या सुरुवातीला वैद्यकीय पथकाबरोबर हट बेला गेलो होतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने तेथील जेटी आणि लाटरोधक बांध मोडले होते आणि किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली होती. लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होते आणि दुपारी त्या पत्र्याखाली रुग्ण तपासणेही कठीण होई. जखमांपेक्षा झोप न लागण्याच्या तक्रारी अधिक होत्या. हरमिंदर बे येथील निकोबारी वस्तीतील एक आजी नाडी पाहू देण्याआधी मला दर वेळी विचारीत, की समुद्र आज कोठवर आहे.

अनेक वर्षांनी पत्नीसह पुन्हा गेलो, तेव्हा घरे किनाऱ्यापासून आत सरकलेली होती आणि जेटी नव्याने उभी होती. पर्यटक म्हणून आपण ज्या मोकळ्या किनाऱ्याचे कौतुक करतो, त्याच्या काही भागात पूर्वी घरे होती, एवढे मनात असावे.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, कोल्हापूर

बेटावर रस्त्याने जाताना एका सरळ ओळीत लावलेली ताडासारखी झाडे दिसतात. तो रेड ऑइल पाम आहे. सत्तरच्या दशकापासून जंगल काढून सुमारे 1,600 हेक्टरांवर त्याची लागवड झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशानंतर ती बंद करण्यात आली. आता त्या ओळींमध्ये नेचे आणि वेली शिरल्या आहेत. मूळचे सदाहरित जंगल मात्र इतक्या सहज परतत नाही, हे पाहिले की कळते.

येथे कोणी या बेटाच्या मूळ रहिवासी ओंगी जमातीची वस्ती पाहता येते का, असे विचारणार असेल, तर उत्तर स्पष्ट आहे: येत नाही. बेटाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखीव असून 1956 च्या नियमावलीनुसार तेथे प्रवेश करणे हा गुन्हा आहे. 1901 च्या सुमारास त्यांची संख्या 672 नोंदली गेली होती. आज ती शंभराच्या थोडी वर आहे. 2021 मध्ये या बेटावर विमानतळ आणि नवे शहर उभारण्याच्या आराखड्याची वृत्ते आली, तेव्हा राखीव क्षेत्र कमी करण्याचा विचारही त्यात होता. माझ्या मते पर्यटकांनी तरी ‘येथे सोयी हव्यात’ ही मागणी जपून करावी.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. माझे वडील सत्तरीचे असून त्यांच्या हृदयावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना घेऊन जावे का? फोन तरी लागतो का?

डॉक्टर, नागपूर

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल लिटल अंदमानलाही जोडली आहे, त्यामुळे हट बेत फोन आणि इंटरनेट बऱ्यापैकी चालते. किनाऱ्यांवर आणि जंगलात फोन लागेल असे धरून चालू नये. हट बेला सरकारी रुग्णालय आहे, परंतु गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरलाच हलवावे लागते आणि हेलिकॉप्टर असो वा जहाज, दोन्ही हवामानावर अवलंबून असतात. परतीचे जहाज रद्द होणे ही तेथे नित्याची बाब असल्याने विमानाच्या तारखेआधी दोन-तीन दिवस मोकळे आणि औषधे आठवडाभर पुरतील इतकी जास्त ठेवावीत, हे निरोगी माणसासाठीही सांगेन. वडिलांना या वर्षी शहीद द्वीपापर्यंतच न्यावे. पुढच्या हिवाळ्यात हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिला, तर जानेवारी ते मार्च या काळात समुद्र तुलनेने शांत असतो.