बाटली गळ्यापर्यंत भरू नका
द्रवाची बाटली कुरिअरने पाठवताना बबल रॅपमध्ये गुंडाळा, हा सल्ला पटतो, पण बाटली अगदी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हिंदकळणार नाही, असंही कुणी सांगतं, ते मात्र करू नका. पार्सल उन्हात पडून राहिलं की द्रव फुगतो, आणि जागा नसली की झाकणाच्या आट्यांतून वाट काढतो. धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीच्या नियमांत तर ५५ अंश सेल्सिअसलाही बाटली पूर्ण भरलेली नसावी, अशी अटच आहे.

आता सहज निसटणारा एक मुद्दा. सोडलेल्या जागेतली हवाही त्रास देते. उडत्या विमानात दाब साधारण ८,००० फुटांवर असतो तेवढा, म्हणजे जमिनीपेक्षा जवळपास पाव हिश्शाने कमी होऊ शकतो. ती हवा पसरते आणि बाटली आडवी असेल तर झाकणापाशी आलेल्या द्रवालाच बाहेर ढकलते. म्हणून मऊ प्लास्टिकची बाटली किंचित दाबून धरून झाकण लावा, हवेला पसरायला वाव राहतो. काचेला हे जमत नाही. तिथे झाकणाखाली घट्ट बसणारं सील हवंच. वरून इलेक्ट्रिकल टेप ताणून गुंडाळा, पण झाकण घट्ट होतं त्याच दिशेने! उलटी गुंडाळली तर टेपच झाकण सैल करते. मग झिपच्या पिशवीत सगळा द्रव शोषला जाईल एवढा कापूस किंवा टिश्यू. 'ही बाजू वर' या स्टिकरवर फार विसंबू नका, सॉर्टिंगच्या पट्ट्यावर खोकी कशीही लोळतात. आणि परफ्यूम, नेलपॉलिश ज्वलनशील द्रवांत मोडतात, तिथे पॅकिंगआधी कुरिअरचे नियम बघा.